आठव्या भागातला सूर

मंगळवार, १६ जुलै

दात घासत असताना फोन वाजला. कामावरची मारिसोल होती. ती हसतेय की रडतेय तेच कळेना. मी नुसता ‘काय? काय?’ करत राहिलो. शेवटी बायकोने, नोरीनने, फोन हातातून घेतला, ऐकलं आणि माझ्या तोंडात फेस असतानाच गळ्यात पडली. आमच्या ‘ड्राय फोर्क’ मालिकेच्या आठव्या भागाला ध्वनिमिश्रणासाठी एमी पुरस्काराचं नामांकन मिळालंय. नावं दोन: डेल ओस्टरगार्ड म्हणजे मी, आणि मारिसोल केसादा.

एकसष्ट वर्षांचा आहे मी. निम्म्याहून जास्त आयुष्य बरबँकच्या खिडक्या नसलेल्या खोल्यांत गेलं. पडद्यावरचा नट काय बोलतो ते घरी बसलेल्या माणसाला कळावं, आणि त्यामागे कुणाचा हात आहे हे कळू नये, एवढंच आमचं काम. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही, असं मी लोकांना सांगत आलो. आज लक्षात आलं की वाटत होतं.

संध्याकाळी नोरीनने अननसाचा केक केला. शेजारचं जोडपं आलं, सगळे मागच्या अंगणात बसलो. आमच्या जॅकरँडाच्या झाडावर दर उन्हाळ्यात एक मॉकिंगबर्ड पक्षी जीव खाऊन ओरडतो, यंदा त्याचा पत्ता नाही. रातकिडेही गेले कुठेतरी. म्हटलं, इतका कोरडा उन्हाळा, बिचारे काय करणार. शेजारीण नोरीनकडे बघायला लागली. नोरीन केक कापत राहिली.

शुक्रवार, १९ जुलै

हॉलिसने आज सगळ्यांना गाडीवरचे टाको खिलवले. हॉलिस ट्रेंट आमच्या स्टुडिओचा प्रमुख, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. रस्त्यात उभं राहून भाषण ठोकलं. म्हणाला, डेलचा कान म्हणजे या इमारतीचा पाया. सगळे हसले, मारिसोलही हसली, पण ती माझ्याकडे बघत नव्हती.

दुपारी मालिकेच्या नव्या हंगामाचं काम पुन्हा सुरू केलं. आमच्या मिक्सिंगच्या टेबलाची डावी बाजू माझी: संवाद आणि संगीत. उजवी मारिसोलची: पावलं, दारं, वारा, भांडी, बाकीचं सगळं जग. काल मी पक्का केलेला प्रसंग लावला तर माझे आवाजाच्या पातळीचे सगळे आकडे हललेले.

“माझ्या बाजूला हात कुणी लावला?”

“मी. सकाळी,” मारिसोल म्हणाली. “स आणि श जरा टोचत होते. मऊ केले.”

“मला विचारायचं.”

“विचारलं होतं, डेल. तुम्ही मान हलवलीत.”

असेल. मला आठवत नाही. ती हल्ली दुसरीकडे तोंड करून बोलते, तेही पुटपुटत. नव्या नटांची तीच तऱ्हा. शब्द चावून खातात, आणि मग तो स वर ओढून आणावा लागतो, नाहीतर वाक्यच हरवतं.

गुरुवार, २५ जुलै

आज मुद्दाम लवकर गेलो. तिची गाडी आधीच उभी होती. आत बघतो तर ती माझ्या खुर्चीत. मी पक्के केलेले संवाद ऐकतेय आणि एकेक करून खाली घेतेय. मला पाहून दचकली.

“कॉफी आणू तुमच्यासाठी?” म्हणाली.

मी नको म्हटलं. मग सबंध दिवस तेच डोक्यात. हे कधीपासून चाललंय? तेविसाव्या वर्षी ही पोरगी इथे तारा गुंडाळायला आली होती. आवाज कमीजास्त करणाऱ्या फेडरवर बोट किती हलकं ठेवायचं हे मी तिला शिकवलं. एकोणीस वर्षं शेजारी बसलोय. ती माझी खुर्ची मागेल असं कधी मनात आलं नाही. पण मागायची कशाला? रोज सकाळी येऊन थोडी थोडी घेता येते.

नोरीनला सांगितलं. वाटलं, चिडेल. ती म्हणाली, “मारिसोल तुझं वाईट कधी करणार नाही.” आणि उठून कपडे वाळत घालायला गेली. यंत्र अजून बंद झालं नव्हतं, असं मला वाटलं. झालं होतं म्हणे, कधीच शिटी दिली त्याने.

शनिवार, ३ ऑगस्ट

लिहू नये असं वाटतंय, तरी लिहितो.

नामांकितांची चर्चा होती, नॉर्थ हॉलिवूडमधल्या एका सभागृहात. समोर सगळे आमच्याच धंद्यातले, पुरस्कारासाठी मत देणारे. आमच्या आठव्या भागातला स्वयंपाकघराचा प्रसंग दाखवला. खाणीतला स्फोट झाल्यावर बाप घरी येतो, टेबलाशी बसतो. बायकोचे ओठ हलतात, शब्द नाहीत. मग ती त्याच्या मानेवर हात ठेवते आणि तिचा आवाज परत येतो. माझा लाडका प्रसंग. मिक्सिंगच्या वेळी दिग्दर्शिका तिथे संगीत घाला म्हणून मागे लागली होती आणि मीच अडून बसलो की काही नको.

प्रसंग संपला तर लोक डोळे पुसत होते. पुढच्या रांगेतून एका बाईंनी विचारलं, “तिने हात ठेवल्यावर ते थांबतं, तेव्हा माझा श्वास सुटला. ही कल्पना कुणाची?”

मी माईक घेतला. म्हटलं, “तिथे आम्ही काहीच वापरलेलं नाही. निव्वळ शांतता. ती ठेवायला धीर लागतो.”

 बाई गोंधळून हसल्या. तेवढ्यात मारिसोलने माझ्या हातातून माईक घेतला. “डेल म्हणतात ते असं, की इतकी शांतता त्यांनी राखली म्हणून तो एक बारीक सूर ऐकू येतो. त्याच्या कानात स्फोटानंतर राहिलेला. त्यांनी जागा केली, मी सूर ठेवला.”

टाळ्या. माझं वाक्य उचललं, त्याला आपलं शेपूट लावलं आणि सगळ्यांच्या देखत सूर स्वतःचा करून टाकला. कुठला सूर? तिथे सूर नाही. मी अडून बसलो होतो तेव्हा ती माझ्या शेजारीच होती. तिने कधीतरी मागाहून घातला असेल, मला न विचारता.

नोरीन तिसऱ्या रांगेत होती. गाडीत तिने हात माझ्या गुडघ्यावर ठेवला, मी तो बाजूला केला.

सोमवार, ५ ऑगस्ट

हॉलिसकडे गेलो. मारिसोल माझ्या पाठीमागे माझ्या कामात हात घालते, मला हे चालणार नाही, असं सांगितलं. “चोरून?” त्याने विचारलं. मी म्हटलं, दुसरा शब्द असेल तर तू सांग.

“डेल, तिला बोलावून विचारू का?”

“विचार. आणि मग तिच्याबरोबर कोण बसणार तेही बघ.”

तो उठून खिडकीशी जाऊन उभा राहिला. मग म्हणाला, बघतो.

गुरुवार, ८ ऑगस्ट

मारिसोलला या हंगामातून काढलं. तिने हॉलिससमोर एक शब्दही काढला नाही. मला वाटलं होतं भांडेल. मान्य असल्याशिवाय माणूस गप्प बसत नाही.

ती हेडफोन, स्वेटर आणि कॅक्टसची कुंडी घेऊन निघाली तेव्हा मी दारातच होतो. टाळता आलं नाही.

“नोरीनशी एकदा बोला,” ती म्हणाली.

“नोरीनचा काय संबंध?”

तिने कुंडी या हातातून त्या हातात घेतली. “एकदा बोला, डेल.”

म्हणजे आता घरापर्यंत तक्रारी जाणार. बरं झालं वेळीच संपलं. जेवलो नाही.

गुरुवार, १५ ऑगस्ट

आजपासून शेवटचं मतदान सुरू झालं. आणि आजच नव्या हंगामाचा पहिला भाग परत आला.

वाहिनीचं म्हणणं, संवाद असह्य आहेत. प्रत्येक स सुईसारखा. एका बाईने कानांवर हात ठेवून तपासणी अर्ध्यावर सोडली म्हणे. मारिसोलच्या जागी आलेला कर्टिस ओकांपो तीस-बत्तीसचा आहे, कुणाचं मन राखायच्या फंदात पडत नाही. मी म्हटलं, स्पीकर बिघडलेत. त्याने माणूस बोलावला. स्पीकर ठणठणीत.

मग कर्टिस म्हणाला, “एक करू या?” आणि टेबलावरून एक सूर सोडला. “हा येतोय?”

“येतोय.”

“हा?”

“हो.”

“हा?”

मी वाट पाहिली. तो माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, “लाव की.”

“लावलाय,” तो म्हणाला. मग त्याने बटण बंद केलं आणि हळू आवाजात काहीतरी बोलला. ते मी परत विचारलं नाही.

शनिवार, १७ ऑगस्ट

नोरीनशी बोललो.

ती बटाटे सोलत होती. मी म्हटलं, मारिसोल म्हणाली होती तुझ्याशी बोल. तिने सुरी खाली ठेवली, जणू महिनोन्‌महिने ती ठेवायचीच वाट बघत होती.

मागच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला मारिसोल आमच्याकडे जेवायला आली होती. मी टर्की कापत असताना या दोघी अंगणात गेल्या होत्या. तिथे तिने नोरीनला सांगितलं की डेलला वरचे आवाज येत नाहीत, आणि ते त्यांच्या लक्षात आलेलं नाही. सांगायचं कसं? नोरीनने तिला हात जोडले. मी ‘हात जोडले’ लिहितोय, तिचे शब्द होते, “मी तिच्या पाया पडायची बाकी होते.” एवढा हंगाम होऊ दे. आठवा भाग इतका सुंदर झालाय, कदाचित यंदा त्याचं नाव येईल. तोवर तू सांभाळ. मग मी सांगेन.

“आणि सांगितलं का नाहीस?”

“नाव आलं,” नोरीन म्हणाली. “तुझं तोंड बघितलं मी त्या सकाळी. सगळा फेस लागलेला.”

“मी त्या पोरीला चोर म्हटलं, नोरीन.”

“माहितीय. तिने फोन केला होता. मी म्हटलं, आता मी सांगते त्याला. ती म्हणाली, नको, अजून मतदान व्हायचंय.”

मी गॅरेजमध्ये जाऊन बसलो. राग कुणाचा आला ते ठरवता येईना. बायकोचा आला. दोघींनी मिळून मला लहान मुलासारखं बोटाला धरून रस्ता ओलांडून दिला, त्याचा आला. हॉलिसने मला एक प्रश्नही धड विचारला नाही, त्याचाही आला. आणि फिरून फिरून मी मारिसोलला काय म्हटलं तिथेच.

गुरुवार, २२ ऑगस्ट

कानांची तपासणी झाली. काचेच्या खोलीत बसवतात, आवाज आला की बटण दाबायचं. डॉक्टरीणबाई काचेपलीकडे. त्यांचा उजवा खांदा सूर सोडताना किंचित हलतो हे माझ्या ध्यानात आलं. काही वेळ मी खांदा बघूनच बटण दाबलं. मग त्यांनी खुर्ची फिरवून पाठ केली.

आलेख दाखवला. मध्यापर्यंत बरा चालत जातो आणि मग कड्यावरून पडतो. “सहा-सात वर्षं होत असणार हे,” म्हणाल्या. “काम काय करता?”

मी म्हटलं, टीव्हीत आहे.

रविवार, २५ ऑगस्ट

बॉइल हाइट्सला मारिसोलच्या घरी गेलो. ती आणि तिची आई ओसरीवर भाजीसाठी निवडुंगाची पानं साफ करत होत्या, काटे काढून. आईने मला खुर्ची दिली आणि आत निघून गेली. नेहमी कॉफी विचारते. आज नाही विचारली.

मी सगळं बोललो. गाडीत ठरवलं होतं त्यापेक्षा वाईट बोललो, पण बोललो. चूक झाली म्हटलं.

ती काटे काढत होती. “तुम्ही हॉलिसला नुसतं ‘हिला काढ’ म्हणाला असता तर मी समजले असते. मी चोरून हात घालते असं म्हणालात. या गावात हे पुसलं जात नाही. दोन ठिकाणी माझं काम पक्कं होतं. दोघांनी कळवलंय, गरज नाही.”

“मी हॉलिसला खरं सांगतो.”

“कधी?”

“लवकरच.”

आता तिने वर पाहिलं. “मतदान कधी संपतंय?”

तिला तारीख माहीत होती. मलाही होती. 

“माझंही नाव आहे त्यावर,” ती म्हणाली. “म्हणून आत्ता सांगा असं मी म्हणू शकत नाही. म्हटलं पाहिजे, पण म्हणवत नाही. मला ते हवंय, डेल. त्या सुरासाठी मी तीन आठवडे घातलेत. तुम्हाला विचारलं होतं, ठेवू का. तुम्ही म्हणालात, असंच ठेव, एक केसही हलवू नकोस.”

ते मला आठवतं. शांततेविषयी म्हणालो होतो मी.

निघताना ती पायऱ्यांपर्यंत आली नाही.

शुक्रवार, ३० ऑगस्ट

काल मतदान बंद झालं. आज हॉलिसच्या दाराशी गेलो. आतून तोच म्हणाला, “या, या, पुढच्या दोन हंगामांचं तुमच्या नावाने पक्कं होतंय.” मी म्हटलं, चांगलं आहे. आणि परत आलो.

कर्टिस माझी बाजू सांभाळतो. आता चोरून नाही, माझ्या समोर. मी बघतो.

रविवार, १५ सप्टेंबर

काल सोहळा झाला. भर दुपारी, डोक्यावर ऊन आणि अंगात काळा सूट. केशभूषावाले, शिवणारे, रंगवणारे, दिवे लावणारे, नटांच्या बदली उड्या मारणारे, सगळे नटून आलेले आणि कुणालाच उभं कसं राहायचं ते माहीत नाही. अशी माणसं वर्षातून एकदा उजेडात येतात. इतर वेळी मला त्यांच्याकडे पाहून आनंद झाला असता.

आम्ही एकाच रांगेत होतो. मारिसोल आईला घेऊन आली होती, गर्द हिरव्या पोशाखात. नोरीन तिच्या शेजारी बसली आणि दोघींनी हात धरले. माझ्याशी ती “सूट छान दिसतोय” एवढंच बोलली.

आमचं नाव आलं.

मी पुतळी हातात घेतली, अपेक्षेपेक्षा जड निघाली. पाठ केलेलं बोललो: नोरीन, हॉलिस, दिग्दर्शिका, सगळी मंडळी. मारिसोलचं नाव घेतलं, चांगल्या शब्दांत घेतलं. खरं सांगायला तेवढी जागा होती. माईक माझ्या तोंडाशी होता, आणि मी तो तिला दिला.

ती थोडंच बोलली. सभागृह प्रचंड, आवाज चारी बाजूंनी फिरून येतो. मला तिचे स आणि श सोडून उरलेले तुकडे येत होते. लोक हसले, मग एकदम शांत झाले, मग रांगांमागून रांगा उभ्या राहिल्या. ती माझ्याकडे वळली होती. म्हणजे माझ्याविषयी काहीतरी होतं. मी मान हलवली आणि हसलो, जशी इतकी वर्षं हलवत आलोय.

गाडीत नोरीनला विचारलं, “काय म्हणाली ती?”

नोरीनने गाडीचा वेग कमी केला. “म्हणाली, इतका चांगला कान तिने दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही. त्या कानाशेजारी बसून शिकली म्हणाली. आणि आता ते तिला काम करताना ऐकत नसले तरी ती प्रत्येक आवाज मनात त्यांनाच विचारून ठेवते.”

“असंच म्हणाली?”

“शब्दन्‌शब्द.”

नोरीनने गाडी कडेला घेतली आणि मला रुमाल दिला.

सोमवार, १६ सप्टेंबर

सकाळी हॉलिसला सगळं सांगितलं. आलेख टेबलावर ठेवला. त्याने तो पाहिला, उलटा करून ठेवला आणि दार लावून घेतलं.

“कुणाकुणाला माहीत आहे?”

“कर्टिसला. नोरीनला. मारिसोलला.”

“मग तिथेच राहू दे. डेल, परवा पुतळी मिळालीय तुम्हाला. लोक तुमच्या नावाने येतात. तुम्ही खुर्चीत बसा, कर्टिस हात चालवेल. कोण विचारतंय?”

“आणि मारिसोल?”

“तिला परत आणलं तर आधी का काढलं ते सांगावं लागेल.”

हे ऐकायला मी आलो होतो, असं एक क्षण वाटलं. खुर्ची राहील, नाव राहील, आणि मी सांगून मोकळा. मी उठलो. दारापर्यंत गेलो. मग परत येऊन त्याच्याच फोनवरून दिग्दर्शिकेला लावला, आणि हॉलिसच्या देखत, शक्य तितक्या सावकाश, तिला सांगितलं. मारिसोलविषयी मी खोटं बोललो हेही सांगितलं. मग ज्या दोन ठिकाणी तिचं पक्कं होतं तिथेही केले. एकाने ऐकून घेतलं. दुसऱ्याने अर्ध्यावर ठेवून दिला, किंवा तो बोलत होता आणि मला आलं नाही.

हॉलिस शेवटी एवढंच म्हणाला, “घरी जा.”

सोमवार, ३० सप्टेंबर

मारिसोल आज परत आली. डाव्या खुर्चीत. कर्टिस तिच्या उजवीकडे.

मी माझं सामान न्यायला जातोय, असं नोरीनला सांगितलं होतं. सामान पिशवीभर निघालं. खरं म्हणजे मी दोन आठवडे एक बेत करत होतो. मागे कोच आहे, तिथे बसेन. आवाज येत नसले तरी प्रसंग कळतो, बाप कुठे थांबतो, बाई कधी वळते. मधूनमधून एखादी गोष्ट सुचवेन. हॉलिसनेही हरकत घेतली नव्हती.

पिशवी कोचावर ठेवली आणि म्हटलं, “मी इथे मागे बसत जाऊ का? तुला चालणार असेल तर.”

पडद्यावर एक बाई अर्धं तोंड उघडून थांबलेली होती. मारिसोलने खुर्ची फिरवली, पूर्ण माझ्याकडे. चेहऱ्यावर राग नव्हता. कर्टिस उठून पाणी आणायला गेला.

“नको,” ती म्हणाली.

हळू म्हणाली. हल्ली लोक माझ्याशी बोलतात तसा आवाज चढवून नाही. पण मी तिला पुन्हा विचारलं नाही. पिशवी उचलली, दार ओढून घेतलं, आणि ते नीट लागलंय ना ते हाताने चाचपून पाहिलं.